मी लिहिलेला नकार

परळच्या धर्मशाळेत व्यवस्थापकाने खिडकीतून संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला आणि म्हणाला, "बघा शेठ, मी नाही म्हणत नाहीये. हा म्हणतोय."

पडद्यावर माझ्या थोरल्या बहिणीचं नाव होतं. खाट चौदा. मुदतवाढ : नाही. शुक्रवारी सकाळी अकरापर्यंत खाट रिकामी करावी. तो दिवस बुधवार होता.

बहीण कुडाळकडची. विधवा. जन्मभर मिश्री लावली, शेवटी तोंडात गाठ आली. इथे आणून ऑपरेशन केलं, डावीकडचा जबडा काढला, नाकातून नळी घातली आणि मग रेडिएशन सुरू झालं. त्याला धर्मशाळेत सगळे शेकच म्हणतात. तिला तीस शेक सांगितले होते. तेवीस झाले, मग हॉस्पिटलचं मशीन आठ दिवसांसाठी बंद पडलं, ते येत्या सोमवारी चालू व्हायचं होतं. सात शेक उरले आणि धर्मशाळेचे पंचेचाळीस दिवस संपत आले. माझी बायको तिच्यासोबत तिथेच राहत होती. आमची खोली लालबागला, चौथ्या मजल्यावर. लिफ्ट नाही, संडास गॅलरीच्या टोकाला. रोज खाली उतरायचं, शेक घ्यायचा, परत चढायचं, हे तिच्याच्याने होणार नव्हतं, म्हणून तर खाट घेतली होती.

मी खिडकीच्या फळीवर मूठ आपटली. "हॉस्पिटलचा कागद बघा ना! सात शेक बाकी आहेत, लिहिलंय त्यावर."

"कागद बघितला. पूर्वी मीच कागद बघून दिवस वाढवायचो. आता तो अधिकार माझ्याकडे नाही. तुम्हीच तर ट्रेनिंगला सांगितलंत, मशीनला विचारायचं."

हो, मीच सांगितलं होतं. ती सिस्टिम माझी आहे. त्यातला तो 'नाही' माझ्या हाताने टाइप केलेला आहे.

मी कॉलेजात शिकलेला माणूस नाही. दादरला स्टेशनबाहेर मोजे आणि रुमाल विकायचो. जवळच एक संगणकाचा क्लास होता. त्याच्या मालकाशी सौदा केला की फी देणार नाही, पण तुझे बंद पडलेले संगणक चालू करून देतो, बदल्यात मला मागच्या बाकावर बसू दे. तिथे जावा ही प्रोग्रॅम लिहायची भाषा शिकलो. आज चिंचपोकळीला माझा गाळा आहे. घासाघीस करून मिळवलं नाही असं माझ्याकडे काहीच नाही, आणि त्याचा मला अभिमान होता. होता असंच म्हणतो.

परळला बाहेरगावच्या पेशंटांसाठी पाच संस्थांच्या पाच धर्मशाळा आहेत. प्रत्येकीचा प्रोग्रॅम वेगळा, तो लिहिणारा वेगळा आणि स्वतःचा प्रोग्रॅम सोडायला कुणी तयार नाही. गावाहून आलेली माणसं सामानासकट या दारातून त्या दारात फिरायची. पाचही संस्थांनी मिळून एक समिती केली आणि हॉस्पिटलजवळ एकच खिडकी काढायचं ठरवलं. तिथे विचारलं की कुठे खाट आहे ते कळावं. ते काम मी घेतलं.

मी एक इंटरफेस लिहिला. इंटरफेस म्हणजे करारपत्र समजा. त्यात काय करायचं ते असतं, कसं करायचं ते नसतं. माझ्या करारात तीन प्रश्न होते. खाट आहे का? नाव नोंदवता का? खाट मोकळी करता का? या प्रश्नांना मेथड म्हणतात. उत्तरं ज्याने त्याने आपापल्या प्रोग्रॅममध्ये लिहायची. एकाचं जरी उत्तर लिहायचं राहिलं तर प्रोग्रॅम तयारच होत नाही, संगणक तिथल्या तिथे चूक दाखवून अडवतो. मला हा नियम फार आवडायचा. सही केल्याशिवाय माणूस सुटत नाही.

वर्षभर ठीक चाललं. मग हॉस्पिटलच्या समाजसेविकांकडून मागणी आली की उपचार लांबतात, तेव्हा मुदत वाढवता येते का हेही खिडकीवर कळायला हवं. म्हणजे चौथा प्रश्न. दादरला एका सभागृहात बैठक झाली, त्याला आता दोन वर्षं झाली. समितीचे सेक्रेटरी होते, फणसवाडीत राहणारे, विमा कचेरीतून निवृत्त झालेले गृहस्थ. आणि पाचही प्रोग्रॅमवाले होते. त्यातला एक माझगावचा, आधी गोदीत फिटर, नोकरी गेल्यावर माझ्यासारखाच धडपडून संगणक शिकलेला. ज्या धर्मशाळेत पुढे माझी बहीण राहिली तिचा प्रोग्रॅम त्याचा.

मी म्हटलं, "एक मेथड वाढवतोय. मुदत वाढेल का, याचं उत्तर सगळ्यांनी लिहून द्या."

माझगाववाला म्हणाला, "आणि नाही दिलं तर?"

"तर तुझा प्रोग्रॅम उठणार नाही."

"वा रे वा! चालत्या गाडीचं चाक तू काढणार आणि पंक्चर मी काढायचं? दोन महिने लागतील."

"एका ओळीला दोन महिने? गोदीत जहाज बांधतोयस काय?"

"मग एक महिना. पण गणपतीनंतर."

"आठ दिवस."

"आठ दिवसांत तर बॉस, माझा ट्रस्टी फोनपण उचलत नाही. उत्तर काय लिहायचं ते त्याला विचारायला नको?"

बाकीचे चौघे हसले. मग तेही महिना महिना करायला लागले. सेक्रेटरी घड्याळाकडे बघत म्हणाले, "हे आजच्या आज संपवा हो. साडेसहाला सभागृह सोडायचंय, पुढे गाण्याचा कार्यक्रम आहे. आणि पंचेचाळीस दिवसांचा नियम कुणाच्याही हाती राहता कामा नये, तेवढं बघा."

तेवढं सोपं होतं. शेवटची तारीख काढायची मेथड मी स्टॅटिक केली. स्टॅटिक म्हणजे ती इंटरफेसच्या स्वतःच्या मालकीची. कुठल्याही धर्मशाळेला ती वारशात मिळत नाही, आपल्या मनाने फिरवता येत नाही. इंटरफेसचं नाव घेऊन विचारायचं आणि येईल ती तारीख मानायची. सेक्रेटरींना ते फार पसंत पडलं.

राहिला मुदतवाढीचा प्रश्न. तिथे मी माझी हुशारी दाखवली. म्हटलं, "ठीक आहे. कुणीही काही करू नका. हातसुद्धा लावू नका. मी डिफॉल्ट देतो." डिफॉल्ट म्हणजे करारातच लिहून ठेवलेलं तयार उत्तर. ज्याला स्वतःचं लिहायचं त्याने लिहावं, त्याचंच चालेल. ज्याने लिहिलं नाही त्याच्या वतीने माझं उत्तर जाईल. कुणाचा प्रोग्रॅम अडणार नाही, कुणाला चूक दिसणार नाही.

माझगाववाला म्हणाला, "हे पहिल्यांदाच बोलायचं ना बॉस. फुकट घसा सुकवला."

उत्तर काय ठेवायचं, हो की नाही, यावर चर्चा झाली नाही. मी लॅपटॉपवर 'नाही' टाइप केलं. बाजारातली सवय. गिऱ्हाईकाला आधी नाही म्हणायचं, हो म्हणायला वेळ असतोच. सव्वासहाला बैठक संपली. एकेकाशी महिना महिना भांडण्यापेक्षा सौदा एका फटक्यात मिटवला, म्हणून मी घरी पेढे घेऊन गेलो.

पुढे चौघांनी सवडीने आपापलं उत्तर लिहिलं. हॉस्पिटलचा कागद असेल तर हो. पाचव्याने लिहिलं नाही. त्याला आठवण कोण करणार? आठवण करणारी ती चूकच मी काढून घेतली होती.

बुधवारी दुपारी मी थेट माझगावला गेलो. तो दुकानात एका प्रिंटरच्या पोटात हात घालून बसला होता. मी दारातूनच ओरडलो, "दोन वर्षांत तुला एक ओळ लिहिता आली नाही?"

त्याने हात पुसले. "कुठली ओळ?"

"मुदतवाढीची!"

"तूच बोललास ना, हातसुद्धा लावू नका. नाही लावला."

"अक्कल नाही तुला? माणसं राहतात तिथे!"

"आवाज खाली. माझा प्रोग्रॅम एक दिवस बंद पडलेला नाही. बंद पडला असता तर रात्रीचा दिवस करून लिहिलं असतं. तुझा करार गप्प, मीपण गप्प." मग माझ्या तोंडाकडे बघून त्याचा सूर बदलला. "कोण आहे तुझं तिथे?"

मी सांगितलं. तो खाली बसला. म्हणाला, "लिहितो. आत्ता लिहितो. पण काय लिहू? कागद बघून हो म्हणायचं, तर आमच्या ट्रस्टची परवानगी लागेल. ट्रस्टी म्हणणार, समितीचं पत्र आणा."

म्हणून गुरुवारी सकाळी फणसवाडी. सेक्रेटरींनी मला बसवलं, चहा विचारला. सगळं ऐकून घेतलं आणि आतून एक फाइल आणली. चष्मा लावून त्यांनी वाचून दाखवलं, "विकासकाने सुचवल्याप्रमाणे, ज्या संस्थेने वेगळे कळवले नाही तिची मुदतवाढ नामंजूर समजावी." मग म्हणाले, "तुम्हीच सुचवलंत ना?"

"तुम्ही घाई केलीत म्हणून! ते लिहिलंय का त्यात? गाण्याचा कार्यक्रम होता, ते लिहिलंय?"

"अहो, असं कसं लिहितील? हे बघा, मंगळवारी बैठक आहे. तिथे विषय घेऊ."

"शुक्रवारी तिला बाहेर काढतायत."

"मला वाईट वाटतं. पण दोन वर्षं हाच नियम सगळ्यांना लागला. तुमची बहीण म्हणून उद्या बदलला, तर काय तोंड दाखवायचं?"

त्यांचं बरोबर होतं, पण मला ते तेव्हा दिसलं नाही, आणि खरं सांगायचं तर आजही ते आठवलं की डोकं तापतं. मी त्यांना म्हटलं, "तुम्हाला आयुष्यात शिक्का मारण्यापलीकडे काही जमलं नाही." म्हातारे उठून उभे राहिले आणि दाराकडे हात केला. त्यांची बायको चहाचा ट्रे घेऊन तशीच थांबली होती. मी गयावया केली असती तर कदाचित दोन ओळींचं पत्र मिळालं असतं. मला गयावया जमत नाही. मी भांडतो.

तिथून उतरल्यावर लॉज बघितले. परळचे तीन, दादरचे दोन. नाकातली नळी म्हटल्यावर सगळ्यांनी मान हलवली. बाकीच्या चार धर्मशाळा भरलेल्या होत्या, ते तर माझ्याच पडद्यावर दिसत होतं.

दुपारी गाळ्यात येऊन मी जुन्या नोंदी उघडल्या. त्या धर्मशाळेतून दोन वर्षांत मुदतवाढीला काय काय उत्तरं गेली ते बघायचं होतं. पडदा खाली सरकवत गेलो. नाही. नाही. नाही. हिंगोली, नाही. जळगाव, नाही. एका बाईच्या नावापुढे चार वेळा नाही, रोज एकदा विचारलेलं. पाचव्या दिवशी नोंद नव्हती. एवढ्या माणसांतलं कुणी तक्रार घेऊन आलं नव्हतं. त्यांना वाटलं असणार नियमच असा आहे. स्टॅटिक मेथड कुणाला बदलता येत नव्हती आणि डिफॉल्ट कुणी बदललं नव्हतं. खाटेवरच्या माणसाला त्यातला फरक कसा कळावा? मी संगणक बंद केला. पाच मिनिटांनी परत चालू केला.

इंटरफेसची फाइल माझ्या ताब्यात असते. तिथून ती पाचही ठिकाणी जाते. मी 'नाही' खोडलं आणि 'हो' लिहिलं. ज्या चौघांनी स्वतःचं उत्तर लिहिलं होतं त्यांच्याकडे याने काहीच फरक पडणार नव्हता. फरक पडणार तो त्या एकाच घरात. कुणाला विचारलं नाही. फाइल पाठवली, मग बहिणीचं नाव टाकून बघितलं. मुदतवाढ : हो. मी बायकोला फोन केला, "तिला सांग, सामान बांधू नको."

फोनवर मागून बहिणीचा आवाज आला. जबडा नसल्यामुळे तिचे शब्द आता जाड येतात. "खरा काय रे?"

"खरं. मी आहे ना."

संतापलेल्या डोक्याने मी एक साधी गोष्ट विसरलो. खाट कधी मोकळी होणार हे हॉस्पिटलजवळच्या खिडकीला दोन दिवस आधी कळतं आणि ती पुढच्या माणसाला चिठ्ठी देते. शुक्रवारच्या चिठ्ठ्या बुधवारीच गेल्या होत्या, तेव्हा उत्तर 'नाही' होतं. आणि 'हो' फक्त माझ्या बहिणीला गेलं नव्हतं. त्या घरात ज्यांची ज्यांची मुदत शुक्रवारी संपत होती, त्या सगळ्यांना गेलं होतं. तीन खाटा होत्या.

शुक्रवारी अकराला मी पोचलो तेव्हा दारात तीन कुटुंबं चिठ्ठ्या घेऊन उभी होती. आतल्या तिघांपैकी कुणी उठायला तयार नव्हतं, त्यांना सकाळी पडद्यावर 'हो' दाखवलेलं होतं. चौदा नंबरची चिठ्ठी नांदेडकडच्या एका बापाकडे होती. त्याच्या कडेवर सहा-सात वर्षांची मुलगी, डोक्यावर एक केस नाही, तोंडाला मास्क. तो व्यवस्थापकाला पुन्हा पुन्हा तेच सांगत होता, "साहेब, माझ्याजवळ चिठ्ठी आहे ना. शिक्का आहे की त्याच्यावर."

व्यवस्थापकाने मला बघितलं. "शेठ, हे तुम्ही केलंत?"

फोन वाजत होता. सेक्रेटरींचा. तो घेतला नाही.

आतून बहीण आली. माझ्या बायकोने तिचा दंड धरला होता, पण ओढत होती तीच. तिने त्या मुलीकडे बघितलं, मग चिठ्ठीकडे, मग माझ्याकडे. खांद्याला तिची पिशवी होती.

मी म्हटलं, "ताई, तू आत जा. मी बोलतो यांच्याशी."

"काय बोलतलस?" ती म्हणाली. मग त्या बापाला हाताने खूण केली, आत जा. तो हललाच नाही, त्याला तिचं बोलणं समजलं नव्हतं. शेवटी मुलीनेच त्याला सांगितलं, "आजी जा म्हणतीय."

टॅक्सीत बहीण एवढंच बोलली, "तुज्या मशिनीन आणि किती जणांक नाय म्हटल्यान रे?"

आकडा मला माहीत होता.

दुपारी सेक्रेटरींनी फोनवर मला माझंच वाक्य ऐकवलं, "यापुढे हात लावू नका." त्यांनी माझगाववाल्याला पत्र दिलं आणि त्याच संध्याकाळी त्याने ती ओळ लिहिली. कागद असेल तर हो. जी ओळ दोन वर्षं मिळाली नाही ती एका दुपारीत झाली. बाकीच्या दोन खाटांवरच्या माणसांना त्यामुळे राहता आलं, आणि त्यांच्या जागी आलेल्यांसाठी व्यवस्थापकाने जिन्याखाली गाद्या टाकल्या. इंटरफेसमधून मी ते डिफॉल्ट काढून टाकलं आहे. आता सहावी धर्मशाळा आली तर तिला स्वतःचं उत्तर लिहावंच लागेल, नाहीतर तिचा प्रोग्रॅम उठणार नाही.

बहीण आता लालबागला आमच्याकडे आहे. सोमवारी शेजारच्या दोघांनी तिला खुर्चीत बसवून चार मजले खाली आणलं. शेक घेतला. परत येताना तिसऱ्या मजल्यावर ती नळीतून दिलेलं सगळं ओकली. मंगळवारी पुन्हा नेलं, बुधवारीही. आज गुरुवार. खुर्ची दारात आणून ठेवली आहे आणि ती भिंतीकडे तोंड करून पडली आहे.

"चार राहिले," मी म्हणतो.

"माका आता जमाचा नाय. माका घराक धाड."

"बरं, दोन. दोन घे, मग बघू."

ती मान हलवते.

"एक. आजचा एक. उद्याचं मी विचारणार नाही."

डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं आहे की तीस म्हणजे तीस, मध्ये खंड पडलेला आधीच वाईट. याच्यात कमी-जास्त होत नाही. हे मला समजतं. पण मला दुसरं काही येत नाही. मी आकडा खाली आणतोय आणि खाली रस्त्यावर टॅक्सीवाला हॉर्न वाजवतोय. शेजारचे दोघे गॅलरीत उभे आहेत. त्यांना कामावर जायचं आहे.

"अर्धा जिना," मी म्हणतो. "अर्धा जिना उतरू. नाही जमलं तर तिथून परत."

ती भिंतीकडे तोंड ठेवूनच एक हात मागे करते. उठवून बसव म्हणते की जा म्हणते, ते मला कळत नाही. मी तो हात धरतो.